मुंबईच्या वसाहतकालीन पोलीस दलाचा इतिहास कसा शोधावा

रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक घरांत, पणजोबा किंवा खापरपणजोबा मुंबईला पोलिसांत होते, एवढी एकच ओळ पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि पुढचे सारे हरवलेले असते. मुंबई शहराच्या पोलीस दलातील शिपाईवर्गाचा मोठा हिस्सा कोकणातून भरती झाला होता, ही गोष्ट त्या काळच्या पोलीस अधिकाऱ्यांनीही नोंदवून ठेवली आहे. मात्र त्या दलाचा इतिहास जेव्हा लिहिला गेला, तेव्हा तो बहुतांशी गोऱ्या वरिष्ठांच्या कारकिर्दींचा इतिहास झाला. ज्यांना हा इतिहास स्वतः शोधायचा आहे, मग ते विद्यार्थी असोत, एखाद्या वस्तीचा इतिहास लिहिणारे हौशी अभ्यासक असोत किंवा आपल्या पूर्वजाचा माग काढणारे नातू-पणतू असोत, त्यांच्यासाठी कामाची पद्धत येथे मांडली आहे. मुंबईचे पोलीस कागद इंग्रजीत लिहिले गेले असले, तरी ते नीट वाचायला मराठी माणसाची जाण लागते, या समजुतीवर ही सारी पद्धत उभी आहे.

प्रथम हद्द ठरवावी

अभ्यासाचा पहिला निर्णय काळाचा आणि हद्दीचा असतो. वसाहतकाळातील ‘मुंबई शहर’ म्हणजे कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतचे बेट. वांद्रे, कुर्ला आणि साष्टीचा बाकीचा भाग त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत होता आणि तेथील पोलीस जिल्हा पोलीस होते. त्यांचे कायदे वेगळे, वरिष्ठ वेगळे आणि कागदही वेगळे. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये स्वतंत्र झाला. त्यामुळे ज्याचे पणजोबा १९०५ च्या सुमारास वांद्र्याला नेमणुकीवर होते, त्याने शहर पोलिसांचे अहवाल कितीही चाळले तरी हाती काही लागणार नाही. तो शोध ठाणे जिल्ह्याच्या कागदांत घ्यावा लागतो.

दुसरी सावधगिरी कायद्याच्या बाबतीत घ्यावी. १८६१ च्या पोलीस कायद्याने देशभरातील पोलीस दले उभी राहिली, असे सरसकट विधान मराठी लेखनात पुष्कळदा आढळते. मुंबई शहराला ते लागू पडत नाही. शहराचा कारभार १८५६ चा तेरावा आणि १८६० चा अठ्ठेचाळिसावा या कायद्यांखाली चालत होता आणि पुढे १९०२ मध्ये मुंबई शहर पोलीस कायदा आला. मुंबई इलाख्यातील, म्हणजे मुंबई सरकारच्या अमलाखालील प्रांतातील, जिल्ह्यांसाठी १८९० चा जिल्हा पोलीस कायदा होता. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. कागदावर कोणत्या कायद्याचे कलम लिहिले आहे, एवढ्यावरूनसुद्धा त्या कागदाचा काळ आणि हद्द बऱ्याचदा ओळखता येते.

पदांची नावे कालक्रमाने लिहून काढावीत

दप्तरखान्यातील सूच्या खात्यांच्या आणि पदांच्या नावांनी लावलेल्या असतात. म्हणून कोणत्या वर्षी पोलिसांचा प्रमुख कोणत्या नावाने ओळखला जात होता, याचे टिपण वहीच्या पहिल्याच पानावर असावे.

आरंभ गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरच्या काळात होतो. १६७२ च्या सुमारास त्याने उभी केलेली भंडारी पलटण हे मुंबईच्या पोलीस व्यवस्थेचे मूळ मानले जाते. सुमारे सहाशे माणसांच्या या पलटणीचे सुभेदार माहीम, शिवडी आणि शीव येथे असत. बेटावरच्या जमीनधारकांनी माणसे पुरवायची आणि त्या माणसांनी रात्रीची गस्त घालायची, अशी ती योजना होती. भंडारी समाजाच्या इतिहासात या पलटणीला मानाचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. तिला आजच्या अर्थाने पोलीस दल म्हणणे मात्र घाईचे ठरेल, कारण चोर पकडणे आणि शत्रूपासून बेट राखणे ही दोन्ही कामे ती करीत होती.

१७७९ मध्ये जेम्स टॉड याची ‘लेफ्टनंट ऑफ पोलीस’ म्हणून नेमणूक झाली आणि लवकरच त्या पदाचे नाव ‘डेप्युटी ऑफ पोलीस’ झाले. हाच टॉड १७९० मध्ये लाचलुचपतीच्या आरोपावरून पद गमावून बसला. १७९३ नंतर प्रमुखाला ‘सुपरिंटेंडंट’ म्हणू लागले. १४ डिसेंबर १८६४ रोजी फ्रँक सूटर पहिला पोलीस कमिशनर झाला आणि १८८८ पर्यंत त्या पदावर राहिला. त्याच्यानंतर विल्सन, विन्सेंट, केनेडी, गेल, एडवर्ड्‌स असा क्रम लागतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जहांगीर सोहराबजी भरुचा हे पहिले भारतीय कमिशनर झाले. एवढा सांगाडा हाताशी असला, की १८४० चा कागद ‘कमिशनर’ या शब्दाखाली शोधण्याची चूक होत नाही.

छापील साधने कशी वाचावीत

मुंबई पोलिसांच्या इतिहासावरील सर्वांत जास्त वापरले जाणारे पुस्तक एस. एम. एडवर्ड्‌स यांचे आहे. त्यात १६७२ ते १९१६ हा काळ आला असून ते १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते जरूर वाचावे; तारखा, नेमणुका आणि दंगलींचा क्रम यांसाठी त्याला पर्याय नाही. मात्र हे लेखक १९०९ ते १९१६ या काळात स्वतः मुंबईचे पोलीस कमिशनर होते, ही गोष्ट वाचताना सतत समोर ठेवावी. दलाची संख्या अपुरी होती, पगार कमी होता, सरकारने मागणी मान्य केली नाही, हा सूर त्यांच्या लेखनात वारंवार येतो. तो खोटा नाही. तरीही तो एका खातेप्रमुखाचा सूर आहे. मार खाल्लेल्या, कोठडीत डांबलेल्या किंवा हप्ता द्यावा लागलेल्या माणसाचा आवाज त्यात नाही.

येथे एक चूक फार सहज घडते. १९०९-१० मध्ये तीन खंडांत निघालेले मुंबई शहर आणि बेटाचे गॅझेटिअर एडवर्ड्‌स यांनीच संकलित केले होते. अभ्यासक एक विधान पुस्तकातून घेतो, तेच विधान गॅझेटिअरमध्ये सापडले म्हणून ‘दोन साधनांनी पुष्टी मिळते’ असे लिहितो आणि प्रत्यक्षात एकाच माणसाची साक्ष दोनदा नोंदवतो. यासाठी प्रत्येक विधानासमोर ते प्रथम कोणी, कोणत्या वर्षी आणि कोणत्या पदावर असताना लिहिले, हे तीन तपशील टिपण्याची सवय लावून घ्यावी.

मराठी वाचकाने गोविंद नारायण माडगावकर यांचे १८६३ मध्ये छापलेले मुंबईचे वर्णनही सोबत ठेवावे. ते पोलिसांचा इतिहास म्हणून लिहिलेले नाही आणि म्हणूनच उपयोगी आहे. गस्तीचा शिपाई ज्या गल्ल्यांतून, बाजारांतून आणि जत्रांतून फिरत होता, त्या त्याच काळातील मराठी माणसाच्या डोळ्यांनी तेथे दिसतात. तुरुंगाच्या आतली बाजू पाहायची असेल, तर आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांबद्दल लिहिलेले पुस्तक आहे; कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये तेथे होते.

दप्तरखान्यात काम करताना

मूळ कागदांसाठी काळा घोडा येथील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात जावे लागते. जुने अभ्यासक याला अजूनही दप्तरखाना म्हणतात आणि ते नाव त्याला शोभते. जाण्यापूर्वी प्रवेशाचे नियम विचारून घ्यावेत. ओळखपत्र आणि शक्य असल्यास एखाद्या संस्थेचे किंवा मार्गदर्शकाचे पत्र जवळ ठेवावे. पहिला दिवस कागद हाती येण्याचा नसून सूची वाचण्याचा आहे, असे मनाशी धरूनच जावे.

एकोणिसाव्या शतकातील पोलिसांचे बहुतेक विषय न्याय खात्याच्या, म्हणजे ‘ज्युडिशियल डिपार्टमेंट’च्या खंडांत सापडतात. अठराव्या शतकातील मजकूर त्याआधीच्या ‘पब्लिक डिपार्टमेंट’च्या रोजनाम्यांत विखुरलेला आहे. राजकीय हालचालींवरील नजरेचे विसाव्या शतकातील कागद गृह खात्याच्या ‘स्पेशल’ शाखेत पाहावेत. कागद मागवताना खाते, वर्ष, खंड क्रमांक आणि प्रकरण क्रमांक या चारही गोष्टी लागतात. टिपण करतानाही त्या चारही लिहाव्यात, कारण सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा पाहण्याची वेळ हमखास येते.

सूची वाचताना इंग्रजी वर्णलेखनाची अडचण येते. एकाच माझगावचे, डोंगरीचे, भायखळ्याचे स्पेलिंग तीन-चार प्रकारे केलेले असते आणि माणसांच्या नावांची तर ओळख पटू नये इतकी मोडतोड झालेली असते. अशा वेळी तो शब्द मोठ्याने उच्चारून पाहावा. साहेबाने जे कानाने ऐकले तेच लिहिले आहे, त्यामुळे मराठी किंवा गुजराती कानाला मूळ शब्द पुष्कळदा लगेच सापडतो. हीच जाण हुद्द्यांनाही लावावी. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हे शब्द फौजेतही होते आणि पोलिसांतही, त्यामुळे एखादा हवालदार पलटणीचा की पोलिसांचा, हे कागदावरील खात्यावरून ठरवावे.

एका प्रकरणाचे कागद हाती आले, की ते वरून खाली वाचण्याऐवजी शेवटून सुरुवातीकडे वाचावेत. शेवटी सरकारचा ठराव असतो, त्याआधी सचिवांची टिपणे, त्याआधी कमिशनरचे पत्र आणि सर्वांत आधी, नशीब असेल तर, ज्याच्यावरून हे सारे घडले तो मूळ अर्ज, जबानी किंवा तक्रार. अर्जाला जोडलेले भाषांतर आणि मूळ मराठी किंवा गुजराती मजकूर दोन्ही मिळाले, तर ते शब्दाला शब्द लावून ताडून पाहावेत. कोणता शब्द गळला आणि कोणता सौम्य झाला, यावरून कचेरी त्या माणसाकडे कशी पाहत होती हे कळते. जुन्या अर्जांसाठी आणि खासगी कागदांसाठी मोडी वाचता येणे आवश्यक आहे. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात आणि काही महिन्यांच्या नेटाच्या सरावाने ती लिपी वाचता येऊ लागते.

ज्यांना मुंबईत राहून काम करणे शक्य नाही, त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर हिंदुस्थान सरकारच्या गृह खात्याचे कागद शोधावेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या संग्रहात इलाख्याच्या खात्यांचे छापील वार्षिक अहवाल आहेत. मुंबई सरकारने १९५७ पासून स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने म्हणून सरकारी दप्तरांतील निवडक कागद छापले, तेही घरी बसून काम सुरू करण्यास पुरेसे आहेत.

एकाच माणसाच्या साक्षीचे काय करावे

१८५७ चे प्रकरण सरावासाठी उत्तम आहे. चार्ल्स फोर्जेट तेव्हा पोलिसांचा प्रमुख होता. हिंदुस्थानात वाढलेला, देशी भाषा सफाईने बोलणारा आणि वेषांतर करून शहरात फिरणारा अधिकारी म्हणून त्याची ख्याती होती. सोनापूरला गंगाप्रसाद नावाच्या इसमाच्या घरी शिपायांच्या गुप्त बैठका होत असल्याचे त्याला कळले, तेव्हा त्याने भिंतीच्या आडून त्यांचे बोलणे ऐकले आणि पलटणीतील गोऱ्या अधिकाऱ्यालाही ते ऐकवले. सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी देण्यात आले.

आता या कथेतील प्रत्येक वाक्य कोणाच्या तोंडचे आहे, हे वेगळे करावे. तोफेची शिक्षा सार्वजनिक ठिकाणी झाली. तिला त्या आठवड्यातील वर्तमानपत्रांचा आणि लष्करी कागदांचा आधार मिळू शकतो. भिंतीआडचा प्रसंग मुख्यतः खुद्द फोर्जेटने सांगितला आहे आणि तोही सुमारे वीस वर्षांनी, निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकात. म्हणून तो प्रसंग टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. फोर्जेट असे सांगतो, हे शब्द वाक्यात ठेवावेत एवढेच. मग अभ्यासकाने पुढचा प्रश्न विचारावा: त्या दोघांची जबानी कोठे आहे? त्यांच्या बाजूने काही नोंदले गेले का? सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांच्याविषयी आपल्याला जे माहीत आहे, ते जवळजवळ सारे त्यांना पकडणाऱ्यांनी लिहिलेले आहे. ही उणीव लेखनात उघडपणे मांडणे हे त्या दोघांचे देणे आहे, असे मला मनापासून वाटते.

दंगल या शब्दापाशी थांबावे

पोलीस अहवालांत दंगलींना फार जागा मिळते, त्यामुळे नवा अभ्यासक १८३२, १८५१, १८७४, १८९३, १८९८, १९०८ अशी माळ ओवून इतिहास लिहितो. या प्रत्येक प्रसंगाची कारणे इतकी निरनिराळी आहेत, की त्यांना एका शब्दाखाली ठेवले तर काहीच कळत नाही.

जून १८३२ मध्ये शहरातील मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम निघाला आणि शिपायांना मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळू लागले. कुत्रा हा पारशी धर्मात पवित्र मानला जातो. पारशी लोक शिपायांवर धावून गेले, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, फौजेची रसद अडवली गेली आणि अखेर लष्कर बोलावावे लागले. नंतर जमशेटजी जीजीभाईंसारख्यांनी मध्यस्थी केली. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या दारांतील कुत्रीही उचलीत होते, हा आरोप त्या काळी झाला होता. म्हणजे येथे अभ्यासाचा विषय हुकमाची अंमलबजावणी, शिपायाचा तुटपुंजा पगार आणि एका प्रतिष्ठित समाजाची श्रद्धा हा आहे. १८७४ च्या फेब्रुवारीत मात्र पारशांचीच तक्रार होती, की हल्ला होत असताना पोलिसांनी आपले रक्षण केले नाही. मार्च १८९८ चा उद्रेक प्लेगच्या घरझडत्यांतून झाला, तर जुलै १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. सरकारी कागदांत शेवटच्या प्रसंगालाही दंगल हाच शब्द आहे. आपण तो वापरावा की नाही, याचा निर्णय प्रत्येकाने विचारपूर्वक घ्यावा.

अशा प्रसंगांसाठी वर्तमानपत्रे पाहणे अपरिहार्य आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ जानेवारी १८३२ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच वर्षीचे जूनचे अंक शोधून पाहावेत. गुजराती ‘मुंबई समाचार’ १८२२ पासूनचा, ‘इंदुप्रकाश’ १८६२ पासूनचा, ‘दीनबंधु’ १८७७ पासूनचा आणि ‘केसरी’ १८८१ पासूनचा आहे. सरकारचे भाषांतर खाते देशी वर्तमानपत्रांतील उताऱ्यांचा साप्ताहिक अहवाल इंग्रजीत तयार करीत असे. मूळ अंक नष्ट झालेल्या कित्येक पत्रांचा मजकूर आज या अहवालांतच उरला आहे. त्याचा उपयोग जरूर करावा, पण सरकारला जे खुपले तेच त्यात निवडले गेले आहे, हे विसरू नये. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटी येथे जुन्या नियतकालिकांची चौकशी करावी.

पैशाचा माग

पोलिसांचा खर्च कोणी द्यायचा, यावर मुंबई महापालिका आणि सरकार यांच्यात अनेक दशके वाद चालला. पोलिसांवर हुकमत सरकारची आणि खर्चाचा भार करदात्या नागरिकांवर, ही व्यवस्था फिरोजशहा मेहतांसारख्या नगरसेवकांना मान्य नव्हती. १९०७ च्या कायद्याने हा खर्च सरकारने आपल्याकडे घेतला. त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी महापालिकेचे वार्षिक अहवाल आणि सभावृत्तान्त हे पोलिसांच्या इतिहासाचे साधन ठरतात. किती शिपाई नेमावेत, त्यांना किती वेतन द्यावे, नव्या चौकीची खरोखरच गरज आहे का, असे प्रश्न तेथे निवडून आलेले नागरिक विचारत होते. पोलीस कचेरीच्या कागदांत ही उलटतपासणी आढळत नाही, म्हणून मी या अहवालांना फार मोल देतो.

घरातील कागद आणि वस्तू

पूर्वजाचा शोध घेणाऱ्याने दप्तरखान्यात जाण्यापूर्वी घर आणि गाव पिंजून काढावे. बक्कल क्रमांक, म्हणजे शिपायाच्या बिल्ल्यावरचा त्याचा स्वतःचा क्रमांक, सापडला तर सर्वांत उत्तम, कारण एकाच नावाचे अनेक शिपाई दलात असत. पितळी बक्कल, निवृत्तिवेतनाचा कागद, बदलीचा हुकूम, मनीऑर्डरीची पावती, गणवेशातील छायाचित्र यांपैकी काहीही टाकाऊ मानू नये. छायाचित्र कृष्णधवल असले, तरी घरातील वडीलधाऱ्यांना गणवेशाचा रंग विचारावा. मुंबई शहराच्या शिपायाची निळ्या गणवेशावरील पिवळी टोपी ही त्याची खास ओळख होती आणि त्या आठवणीवरून तो शहर पोलिसांत होता की जिल्ह्यात, याचा अंदाज येतो.

वडीलधाऱ्यांशी बोलताना नुसती नोकरीची वर्षे विचारू नयेत. आजोबा मुंबईत कोठे उतरत, खोलीत गावचे किती जण राहत, शिमग्याला आणि गणपतीला रजा मिळत होती का, गावात त्यांच्याविषयी आदर होता की भीती, असे विचारावे. गावच्या मंडळींच्या ओळखीने भरती कशी होत होती, हे अशा बोलण्यातूनच उलगडते. बोलणे ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि सांगणाऱ्याने एखादी गोष्ट छापू नका म्हटले, तर ती छापू नये.

शेवटी शहर पायी पाहावे

कागद वाचून झाल्यावर एक दिवस शहरात फिरण्यासाठी ठेवावा. आधी फिरून उपयोग नाही, कारण काय पाहायचे तेच ठाऊक नसते. क्रॉफर्ड मार्केटसमोरील पोलीस मुख्यालयापासून आरंभ करावा. १८९४ मध्ये या इमारतीचे काम सुरू झाले आणि १८९६ पासून कमिशनरची कचेरी तेथे आहे. त्यापूर्वी ती भायखळ्याला होती. तेथून उत्तरेकडे पायधुणी आणि डोंगरीकडे चालत जावे. मोहरमच्या मिरवणुकांचे जे मार्ग पोलीस आदेशांत लिहिलेले असतात, ते या गल्ल्यांची रुंदी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय समजत नाहीत. एडवर्ड्‌स यांनी १९१२ मध्ये मोहरमचे नियम बदलून टोळ्यांच्या मिरवणुका बंद केल्या, तेव्हा त्यांना नेमकी कशाची धास्ती वाटत होती आणि लोकांचे नेमके काय हिरावले गेले, या दोन्ही गोष्टींचा अंदाज अशा गल्लीत उभे राहिल्यावर येतो. बंदराच्या बाजूला १८८० चा प्रिन्सेस डॉक आणि १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक यांच्या भिंतींपर्यंत जावे. गोदीतील चोऱ्या आणि बंदरावर उतरलेले खलाशी हे या शहराच्या पोलिसांचे रोजचे काम होते. ताडदेवला फोर्जेटच्या नावाचा रस्ता आहे. नायगाव आणि वरळीच्या बीडीडी, म्हणजे सरकारच्या मुंबई विकास खात्याने बांधलेल्या, चाळी १९२० च्या दशकातील असून त्यांतील खोल्यांतून पोलिसांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. तेथे जुन्या रहिवाशांपैकी कोणी भेटले, तर वही बाजूला ठेवून आधी त्यांचे ऐकून घ्यावे आणि घरी परतल्यावर त्याच रात्री, तारीख व ठिकाण घालून, ते सारे लिहून काढावे.